पंच्याहत्तरीच्या भाषणाऐवजी : ज्येष्ठ नागरिक संघाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि संघातील सर्व सभासद बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या आम्हा सात सभासदांचा सत्कार ठरल्याचं चिटणीसांनी फोनवर कळवलं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि प्रत्येकी पाच मिनिटांचं मनोगत. मनोगताला विषयही दिला आहे : ‘वयाने मला दिलेलं शहाणपण’. त्याच दिवशी ‘अनुभवाची शिदोरी’ या उपक्रमाची घोषणा व्हायची आहे. म्हणजे आपण पाळीपाळीने कॉलेजात जायचं आणि मुलांना कसं जगावं ते सांगायचं. त्या यादीत माझं नाव तिसरं आहे असं कळलं.

सत्काराला मी येईन. पंच्याहत्तरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एसटीत बसून नरसोबाच्या वाडीला फुकट जाऊन आलेला माणूस मी, शालीला नाही म्हणण्याइतका विरक्त झालेलो नाही. पण दिलेल्या विषयावर पाच मिनिटं बोलायला उभा राहिलो तर मला खोटं बोलावं लागेल. म्हणून हे पत्र. फलकावर लावावं ही विनंती. लांबलं आहे, पण वेळेची टंचाई हे आपल्या संघाचं दुखणं नव्हे.

मी एकोणिसाव्या वर्षी हळदीच्या अडत पेढीवर लागलो आणि बासष्टाव्या वर्षी दिवाणजी म्हणून उतरलो. सगळा जन्म कीर्द-खतावणीत गेला, त्यामुळे विषय ऐकल्यावर सवयीने हिशेबच मांडायला बसलो. वयाने मला काय दिलं?

पहिली नोंद हळदीची. पेढीवर लागलो त्या वर्षी शेठनी माझ्यापुढे दोन हळकुंडं ठेवली आणि विचारलं, यातलं चांगलं कुठलं. मी पिवळंधमक होतं ते उचललं. त्यांनी दोन्ही मोडली. माझं हळकुंड आधी वाकलं, मग मऊ तुटलं. दुसरं टणकन तुटलं, एखादी धातूची वस्तू वाजावी तसं, आणि आतून केशरी निघालं. ‘रंग पॉलिशचा पण असतो,’ शेठ म्हणाले, ‘आवाज हळदीचाच असतो.’ पुढे दहा-बारा वर्षांनी पोत्यात हात घातला की मला ओल कळायला लागली, शिजवणी कच्ची राहिली असेल तर तेही कळायला लागलं. सभासदांपैकी काही जण शेतकरी आहेत, त्यांनी माझी ही ख्याती ऐकलेली आहे आणि काहींनी मला त्यापायी शिव्याही दिलेल्या आहेत.

आता हे शहाणपण वयाने आलं का? वर्षं लागली, हे खरं. पण शिकवलं ते सौद्याने. सकाळी माझा अंदाज चुकला की संध्याकाळपर्यंत तोटा वहीत उतरलेला असायचा, आणि शेठ ती वही काही न बोलता माझ्याकडे सरकवायचे. रोज एक थप्पड, अशा हिशेबाने दहा वर्षांत माणूस शहाणा होतोच. त्याच पेढीवर माझ्या आधी पंधरा वर्षं लागलेले एक गृहस्थ आवक-जावक लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. पण त्यांनी कधी हळकुंड मोडून पाहिलं नाही आणि चूक कधी त्यांच्या नावावर पडली नाही. निवृत्तीच्या दिवशीही त्यांना हळद कळत नव्हती. वय मात्र माझ्यापेक्षा जास्तच होतं.

दुसरी नोंद पेवाची. संघात नोकरीनिमित्त बाहेरून येऊन इथेच राहिलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं. सांगलीजवळच्या आपल्या हरिपूरच्या मातीत असं काही आहे की तिथल्या पेवात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत हवा कोंडलेली असते. तोंड उघडून तासन्‌तास ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर बसा अजून.

आमच्याकडे एक पेवकरी मामा होते. साठीच्या पुढचे, हयातभर पेवात उतरलेले. एकदा माल लवकर काढायचा होता, मी पंचविशीतला, घाई झालेली. म्हटलं, ‘मामा, तुम्हाला तर नुसत्या वासावरून कळत असेल. कंदील कशाला?’ मामांनी दोरीची गाठ मारता मारता वर पाहिलं आणि म्हणाले, ‘नवखा गडी पेवात मरत न्हाई. त्याला आधी कोन सोडतंय? मरतो त्यो जाणता.’

मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. कळलं बऱ्याच उशिरा.

तिसरी नोंद पुराची, आणि ती खर्चाच्या बाजूला आहे.

२००५ चा महापूर आपण सगळ्यांनी पाहिला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या घरात गेलं होतं. हरिपूरची पेवं त्या पुरात गेली, ती पुन्हा पहिल्यासारखी कधी झाली नाहीत. मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा, चार दिवस-रात्र गोदामात हमालांबरोबर पोती वरच्या थप्पीला चढवत होतो. आमचं घर गावभागात, जुनं, उंच जोत्याचं, पुढे पाच पायऱ्यांचा ओटा. पाणी वरच्या पायरीला टेकलं आणि तिथूनच माघारी गेलं. ही गोष्ट मी पुढची चौदा वर्षं सांगितली. लग्नाच्या पंगतीत सांगितली, बारशात सांगितली, आपल्या कट्ट्यावर किती वेळा सांगितली ते तुम्हालाच ठाऊक. कृष्णामाई आमच्या वरच्या पायरीला नमस्कार करून जाते, हे वाक्यही माझंच.

मग ऑगस्ट २०१९. पाऊस थांबेना, धरणं भरलेली, कोयनेचा विसर्ग वाढत चाललेला. सगळ्या सांगलीत एकच प्रश्न : आयर्विनला किती? माझी नात तेव्हा बारावीला होती. मोबाइलवर आकडे बघून ती म्हणाली, ‘आजोबा, पंचेचाळीसची धोका पातळी ओलांडली. वर पाऊस चालूच आहे. आपण आजच विश्रामबागेत मावशीकडे जाऊ या.’ मी झोपाळ्यावर होतो. म्हणालो, ‘काही जायचं नाही. तुझ्या वयाइतके पूर पाहिलेत मी.’

ती म्हणाली, ‘नाही आजोबा. महापूर तुम्ही एकच पाहिलाय. चौदा वर्षं सांगताय, म्हणून जास्त वाटतात.’

मुलगा तिच्यावर ओरडला. सून काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. म्हणजे मी जिंकलो.

पाणी घरात कसं येतं हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून पायऱ्या मोजत बसलो होतो. तीन राहिल्या, दोन राहिल्या. आणि मागून सुनेची हाक आली. पाणी मोरीतून आलं होतं. आधी जाळीतून बुडबुडे, मग झुरळांची रांग, आणि त्यांच्या मागून काळं पाणी, आवाज न करता. मी समोरचं दार राखत होतो. संध्याकाळपर्यंत पाणी वरच्या पायरीवर आलं, माझ्याकडे पाहून थांबलं नाही आणि उंबरा ओलांडून गेलं. आम्ही पाच जण माडीवर चढलो. पिण्याच्या पाण्याच्या दोन कळश्या, फरसाणाचा डबा आणि माझी औषधं. तिथे तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी कुठल्याशा मंडळाच्या पोरांनी बोट आणली. माडीच्या खिडकीतून मला उतरवताना त्यातला एक पोरगा म्हणाला, ‘आजोबा, आधीच निघायचं की!’ विशीचा असेल. बोट गल्लीतून चालली तेव्हा दुकानांच्या पाट्यांना हात लागत होता.

त्या वेळी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ पेक्षा जास्त. माझ्या अनुभवात तो आकडाच नव्हता.

नातीने बोटीत माझा दंड धरला होता. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तिने आजपर्यंत एकदाही उच्चारलेलं नाही. तिच्या जागी मी असतो तर दर पावसाळ्यात उच्चारलं असतं.

आता मला सांगा, एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला जे दिसलं नाही ते सतरा वर्षांच्या मुलीला कसं दिसलं? ती माझ्याहून हुशार आहे म्हणून? असेलही, पण ते कारण नव्हे. तिच्याकडे जुना पूर नव्हता, म्हणून तिला नवा दिसला. हळदीत माझा अंदाज रोज तपासला जायचा. पुरात चौदा वर्षांतून एकदा. मधल्या काळात मला खोडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे अंदाजाची आठवण झाली आणि आठवणीची खात्री.

खोडणारं कुणी नव्हतं, यावर मी बराच विचार केला. माझ्या आयुष्यात मला ‘चुकतंय तुमचं’ असं तोंडावर सांगू शकणारी तीन माणसं होती. थोरले दादा, पेढीवरचे शेठ आणि माझी बायको. दादा २००८ ला गेले. शेठ त्यानंतर दोन वर्षांनी. ही २०१६ ला गेली. ही तर पोळ्या लाटता लाटता, वर न बघता सांगायची : ‘अहो, असू दे, तुम्हाला त्यातलं कळत नाही.’ त्या वाक्याचा मला जन्मभर राग आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते वाक्य म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मुलगा आदर करतो. सून आदर करते. आदराचा अर्थ आपल्याकडे गप्प बसणं असा आहे, आणि तो तसा आहे याची सोय मीच लावून ठेवलेली होती.

आपल्या संघात आपण एकमेकांच्या वाढदिवसाला म्हणतो, वय वाढलं, अनुभव वाढला. माझ्या वहीत दुसरीच नोंद निघते. वय वाढलं तशी खोडणारी माणसं कमी झाली.

आपल्या मराठीत या विषयावर सातशे वर्षांपूर्वीच एक पत्र लिहिलं गेलं आहे, आणि गंमत म्हणजे ते कोरं होतं. चांगदेवांची गोष्ट. योगबळावर चौदाशे वर्षं जगलेला माणूस, अशी आख्यायिका. त्यांच्या कानावर ज्ञानेश्वरांची कीर्ती गेली. पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. पोरगा वयाने लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर आपण चौदाशे वर्षांचे. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहिला आणि म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी.

कीर्तनात ही गोष्ट मुक्ताबाईच्या टोमण्यासाठी सांगतात. मला त्यातले चांगदेव जवळचे वाटतात. चौदाशे वर्षांत त्यांना असं बोलणारं कुणी भेटलंच नसणार. भेटलं, तेव्हा त्यांनी त्या मुलीला शाप दिला नाही. पुढे ते तिचेच शिष्य झाले असं परंपरा सांगते. चौदाशे वर्षांचा शिष्य आणि गुरू कोवळ्या वयाची मुलगी. मी झोपाळ्यावरून तेवढंही उठलो नाही.

लगेच कुणी असा अर्थ काढू नये की शहाणपण तरुणांकडेच असतं. ज्ञानेश्वर-मुक्ताबाई घरोघर जन्मत नाहीत. आमच्या शेजारचा इंजिनिअर झालेला मुलगा मोबाइलवरच्या पत्त्यांच्या जुगारात सहा महिन्यांचा पगार घालवून बसला आहे. आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही मला तितकीच खोटी वाटते. माझं शब्दकोडं आता तीस वर्षांपूर्वीपेक्षा लवकर सुटतं. राग लवकर जातो. पुरानंतर घरातला चिखल बघून मुलगा मटकन खाली बसला, तेव्हा मी त्याला चहा करून दिला आणि म्हटलं, चिखल आहे, फावडं आण. गेलेलं परत येत नसलं तरी दिवस परत येतात, हे मला आतून माहीत होतं आणि त्याला नव्हतं. हे वयाने दिलं, मान्य. पण हा धीर आहे. धीर आणि शहाणपण वेगवेगळ्या खात्यांत लिहायचे असतात.

नात आता मानसशास्त्रात एम.ए. करते. परवा तिने माझी परीक्षा घेतली. म्हणाली, ‘आजोबा, एका पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचं आहे. काय करावं?’ मी म्हटलं, ‘करावं काय त्यात? नाही म्हणजे नाही. कायद्याने अठरा लागतात.’ मला उत्तर द्यायला दोन सेकंदही लागले नसतील. ती हसायला लागली.

मग तिने सांगितलं ते असं. बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शहाणपण मोजायचा प्रयत्न केला. लोकांना असे पेच घालायचे आणि मोठ्याने विचार करायला सांगायचं. त्यातलाच हा एक पेच. जो फटकन ‘छे, भलतंच’ म्हणतो त्याला गुण कमी. जो म्हणतो, एरवी नाहीच, पण थांबा, ही मुलगी कुठली, तिला कसला आजार आहे का, तिला घरी कुणी आहे का, ती खरंच लग्न मागते आहे की घरातून सुटका मागते आहे, त्याला गुण जास्त. आणि विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंतच्या लोकांना तपासलं तर वयाचा आणि गुणांचा फारसा संबंध लागेना. माणसांच्या अडचणी ऐकणं हाच ज्यांचा धंदा, त्या मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या लोकांना मात्र बरे गुण मिळाले. म्हणजे पुन्हा हळकुंड मोडणारेच.

मी तिला म्हटलं, ‘पण शेवटी उत्तर नाहीच ना?’

‘नाहीच,’ ती म्हणाली, ‘पण तुम्ही विचारलं काहीच नाही.’

आणखी दोन अभ्यास तिने सांगितले, ते आपल्या उपक्रमाला नेमके लागू आहेत म्हणून लिहितो. दोन्हींमध्ये इगॉर ग्रॉसमन नावाच्या संशोधकाचा हात आहे. २०१० साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात असं दिसलं की लोकांच्या भांडणतंट्यांबद्दल साठी ओलांडलेली माणसं तरुणांपेक्षा जास्त समजुतीने बोलतात. दोन्ही बाजू बघतात, तडजोड सुचवतात. हे वाचून आपली कॉलर ताठ होते. पण २०१४ च्या अभ्यासात त्यांनी माणसांना स्वतःच्या पेचाबद्दल आणि मित्राच्या पेचाबद्दल विचार करायला लावला. मित्राच्या बाबतीत सगळे शहाणे, स्वतःच्या बाबतीत कमी. आणि इथे साठ ते ऐंशी वयाचे लोक वीस ते चाळीसच्या लोकांपेक्षा सरस निघाले नाहीत. त्यांनी या प्रकाराला बायबलमधल्या राजा सॉलोमनचं नाव दिलं. जगाला न्याय द्यायचा आणि स्वतःच्या घराची घडी विस्कटलेली. आपल्याकडे त्याला कोरडे पाषाण म्हणतात, एवढाच फरक.

आता एक गोष्ट जी आपण संघात बोललोच नाही.

मागच्या वर्षी आपल्यातल्या एका सभासदांना ‘डिजिटल अरेस्ट’ झाली. नाव सर्वांना माहीत आहे, ते इथे येणार नाही, आणि हा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला आहे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला एक भामटा, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलात भलतंसलतं सापडलंय, कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. हे गृहस्थ दोन दिवस स्वतःच्या खोलीत दार लावून बसले आणि सांगतील तसे पैसे भरत गेले. कायद्यात डिजिटल अरेस्ट असला काही प्रकार नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये साऱ्या देशाला सांगितलं होतं. मुलगा बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होता. दहा पावलांवर. दार उघडून ‘अरे, हे काय आहे बघ जरा’ म्हणायचं होतं.

मी त्यांना विचारलं, का नाही म्हणालात? ते म्हणाले, ‘आयुष्यभर त्याने मला विचारलं. मी त्याला कसं विचारू?’

पोलिसांकडेही ते आठ दिवसांनी गेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला असता तर काही रक्कम अडवता आली असती कदाचित. त्या महिन्यात आपल्या संघात कार्यक्रम होता ‘आनंदी वार्धक्य’. टाळ्या चांगल्या पडल्या.

तर माझी विनंती अशी. ‘अनुभवाची शिदोरी’ घेऊन कॉलेजात जायचंच असेल तर भाषण द्यायला जाऊ नये. मुलांनी आपले पेच मांडावेत आणि आपण प्रश्न विचारावेत. त्यात आपला हात बरा आहे असं अमेरिकेतला अभ्यास सांगतो, आणि आपण ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरुवात केली नाही तर मुलं ऐकतीलही. आणि त्याच मुलांतल्या दोघा-चौघांना दर महिन्याच्या सभेला बोलवावं. हार घालायला नव्हे, पाणी वाटायला तर नव्हेच. आपण कुणी घर विकतोय, कुठल्या योजनेत पैसे घालतोय, मृत्युपत्र करतोय, गुडघ्याचं ऑपरेशन लांबवतोय, ते त्यांच्यापुढे मांडावं आणि त्यांनी ‘आजोबा, हे चुकतंय’ म्हणावं. म्हणण्याची त्यांना मुभा असावी आणि ऐकून घेण्याची आपल्याला सक्ती असावी. ऐकून मग करायचं ते करा. मी मुकाट पाळा म्हणत नाही, त्यांचंही चुकतं. फक्त कंदील खाली सोडू या.

अध्यक्षसाहेब, आपण सलग अकरा वर्षं अध्यक्ष आहात. आपल्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अकरा वर्षांत सभेत आपल्याला कुणी खोडल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात मीही आलो. राग मानू नये. मानलात तर तेवढाच सराव होईल.

आमच्या घरापुरतं सांगतो. पुराचा चिखल काढून झाल्यावर आम्ही एक ठराव केला. आयर्विनला ३५ फूट झाले की सामान माडीवर, ४० झाले की माणसं विश्रामबागेत. कुणाचा अनुभव विचारायचा नाही. ठराव नातीने वहीच्या कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला, खाली माझी सही घेतली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं तेव्हा मला सवयीने वाटत होतं की एवढं येणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. सुनेने फ्रिजकडे बोट केलं. मी चपला घातल्या.

सत्काराची वेळ संध्याकाळी पाचची आहे ना? मी नातीला बरोबर घेऊन येतो. तिच्यासाठी एक खुर्ची पुढे ठेवावी.

आपला स्नेहांकित,
संघाचा एक सभासद (गावभाग, सांगली)

ता. क. हे पत्र पेटीत टाकण्याआधी नातीला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि तिच्या आजीची प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात २००५ च्या पंचनाम्यासाठी काढलेले फोटो होते, माडीवर राहिल्यामुळे वाचलेले. एका फोटोत ही आमच्या पुढच्या खोलीत उभी आहे, पदर खोचलेला, हातात खराटा. चिखल तिच्या घोट्याच्या वर आहे. म्हणजे २००५ ला पाणी वरच्या पायरीवरून माघारी गेलेलं नव्हतं. ते घरात आलं होतं, आणि मी गोदामातून परत यायच्या आत हिने घर धुऊन काढलं होतं. ती मला बोलली असणार. मी ऐकलं नसणार. पत्रातला मजकूर मी बदललेला नाही, फोटोची एक प्रत सोबत जोडली आहे.